सहीपुरता पोप

रोम, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस

विटालिस यास,

आशीर्वाद लिहीत नाही. बहिष्कृताला पत्र लिहिता येतं, आशीर्वाद देता येत नाही. सात वर्षं पाळलेला नियम आता मोडणार नाही. मागच्या पोपसाहेबांना पकडायचा हुकूम सम्राटाच्या सुभेदाराचा, पण लिहिला त्याच्या कारकुनाने, तुझ्या वळणदार अक्षरात! साहेब निसटले आणि हुकुमाला हात लावणाऱ्या सगळ्यांना त्यांनी वाळीत टाकलं. ते आता वारले.

बातमी अशी, की लोकांनी आपल्या दादाला पोप निवडलंय. बहात्तराव्या वर्षी! दोनदा नको म्हणाला, धान्याच्या कोठारात जाऊन लपला. भुशाने माखलेला बाहेर काढला, तेव्हा एकदम हो म्हणाला. का, विचारलं तर म्हणे पाय दुखत होते, किती वेळ उभं राहायचं. आता राव्हेन्नाहून सुभेदाराची मंजुरी येईपर्यंत पोपपदाची दीक्षा नाही, आणि दीक्षेवाचून त्याच्या सहीला किंमत नाही. कागद तुझ्याच कचेरीत पोचेल. दादाचे पाय सुजलेत, धाप लागते. तेवढा कागद पुढे सरकव.

स्टेफानिया


राव्हेन्ना, नाताळनंतरचा पाचवा दिवस

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

कागद माझ्याच हातात आला. नोंद केली आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. रागावू नकोस. त्या गादीचे हाल मी इथून पाहिलेत. एकीकडे सम्राट, दुसरीकडे चाल करून येणारे लोंबार्ड, आणि मध्ये आपला दादा, ज्याला घरची कोंबडी कापवत नाही! दोन-तीन महिन्यांत रोमकर कंटाळतील, कुणी तरणा निवडतील. दादा आपल्या अंजिराखाली सुखाने बसेल. सात वर्षांत त्याने मला एक ओळ लिहिली नाही, म्हणून सूड घेतोय असं मात्र मनात आणू नकोस.

माझं बरं चाललंय. रविवारी देवळाच्या दाराबाहेर उभा राहतो. आतलं गाणं नीट ऐकू येतं.

माया आटू देऊ नकोस.

विटालिस


रोम, संत आग्नेसचा सण

विटालिस यास,

अक्कल कुठे गहाण ठेवलीस? तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. कोंबडीपाशी हसला, दारापाशी रडला. पोपने घातलेला बहिष्कार पोपच उठवतो, हे कारकुनाला मी सांगायचं? त्यासाठीच तो हो म्हणाला, गाढवा! कुणाला सांगू नको म्हणाला होता, भावासाठी गादी घेतली अशी बोंब होईल. तुला परत घ्यायचा कागद त्याने पहिल्याच दिवशी लिहून ठेवलाय. सही तेवढी राहिलीय. रोज विचारतो, राव्हेन्नाचा स्वार आला का. काल जिना चढवेना, पायरीवर बसूनच प्रार्थना केली.

काढ तो कागद.

स्टेफानिया


राव्हेन्ना, फेब्रुवारीची सहा तारीख

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि उभ्या उभ्या कागद वर काढला. सुभेदार रिमिनीला गेलेला. घोडा घेऊन मीच गेलो. दोनदा पडलो, दादा हसेल. सही झाली. स्वार निघालाय, त्याच्याबरोबरच हे पत्र. दादाला सांग, मला ठाऊक नव्हतं.

विटालिस


रोम, फेब्रुवारीची सतरा तारीख

विटालिस यास,

स्वार गुरुवारी आला. दादाला आम्ही मंगळवारी पुरलं.

दीक्षा झाली नाही, म्हणून पोपांच्या यादीत त्याचं नाव नाही. भिंतीवर चित्रही नाही. चित्रकाराने कालवलेले रंग धुऊन टाकले. तीन महिन्यांत त्याच्या हातून झालं ते एवढंच, की धान्य वाटताना म्हाताऱ्यांना बसायला बाक ठेवले.

शेवटच्या दिवशी त्याने तुझा कागद मागितला, लेखणी मागितली. चिटणीस म्हणाले, सही केलीत तरी ती चालायची नाही. दादा म्हणाला, ठाऊक आहे. बराच वेळ लेखणी हातात धरून बसला, मग खाली ठेवली. कागद सोबत पाठवतेय. त्याला किंमत नाही, पण अक्षर त्याचं आहे.

मला तुझा राग आहे, तो इतक्यात जायचा नाही. नवे पोप तुझं नाव काढतील असंही वाटत नाही. दादाने शेवटपर्यंत नियम मोडला नाही. तो पोप व्हायचा होता. मला काय व्हायचंय?

चि. विटालिस यास अनेक आशीर्वाद.

तुझी ताई