बोंबलाला मीठ

सातपाटी, मंगळवार संध्याकाळ

बोंबलाला मीठ लावा म्हणे! प्राचीचा प्रोग्राम मला शिकवतो. उद्या ती तो मच्छी सुकवणाऱ्या बायांना दाखवणार हाय. हसून हसून जीव घेतील तिचा.

माझी ही नात बोईसरला प्रोग्राम लिहायचंच काम करते, तरी असं? म्हणाली, "आजी, इंटरफेस म्हणजे प्रत्येक मासळीने कोणती उत्तरं द्यायची त्याची यादी. 'कशी सुकवायची' हे मी आज वाढवलं. प्रोग्राममध्ये आधी भरलेल्या मासळ्यांकडे त्याचं उत्तर नाय, प्रोग्राम उभाच राहिला नसता. म्हणून सगळ्यांना एक तयार उत्तर दिलं, डिफॉल्ट मेथड. मीठ लावून उन्हात."

"उभा राहिला नसता तर चूक कळली तरी असती. आता बोंबील गप्प बसला नि मीठ खाऊन आला!"

सोय तिची खोटी नाय. धुण्याचं उत्तर सगळ्यांचं एकच, ते तयार चालेल. पण सुकवण्याचं? सुरमईला मीठ लागतं. बोंबील बिनमिठाचा, दोरीवर टांगायचा.

शेवटी सुकवण्याचं तयार उत्तर तिने काढलं. प्रोग्राम अडला. मग मी सांगत गेले, ती एकेक मासळी भरत गेली. चालला. बरं वाटलं, कबूल करते.

उद्या बायांनी विचारलं तर प्रोग्रामचं प्राचीने सांगायचं, मासळीचं मी. मध्ये कोणी बोलायचं नाय.