वहिनीचा वाफसा

प्रिय वहिनी,

आज शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या वाट्याला 'वाफसा' हा शब्द आला आणि मी एकटीच हसत बसले. संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. अर्थ मी एका दमात लिहिला : पावसानंतर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, अशी पेरणीजोगी होते ती अवस्था. मूळ 'वाफ' असावं. ओल्या मातीला ऊन लागलं की वाफ निघते, पाणी खाली उतरतं, मातीत हवा शिरते. या 'असावं'वरच आमचं पोट चालतं, तुला ठाऊक आहेच.

पण वाफसा मी खरा पाहिला तो तुझ्या मुठीत. दादा गेल्यावर बाबांनी तुला एकच हंगाम दिला होता. नाही जमलं तर शेत काका कसणार, असं ठरलेलं. शिंप्याच्या मुलीला शेतातलं काय कळणार, हे काकांचं पालुपद. दादाच्या मागे हिंडून तू काय काय उचललं होतंस, ते त्यांना कुठे माहीत? पाऊस थांबला तशी शेजाऱ्यांनी पेरणीची घाई केली. आपलाही ट्रॅक्टर बांधावर घरघरत होता. तू मूठभर माती घेतलीस, दाबलीस, खाली टाकलीस. गोळा तसाच राहिला. "परत ने. अजून वाफसा नाही," असं तू ड्रायव्हरला सांगितलंस आणि बाबांचा पारा चढला. तरी तू रोज सकाळी जाऊन माती दाबून पाहायचीस. गोळा पडून भुगा झाला, त्याच दिवशी पेरलंस. शेजाऱ्यांचं बी चिखलात कुजलं, तुझं ओळीने उगवलं. वहिनी, मला तुझा फार अभिमान वाटतो. तोंडावर सांगितलं तर डोक्यावर बसशील, म्हणून लेखी देते आहे.

सुगी आटोपून तू माहेरी गेलीस, निकाल न विचारताच. काल काका आले, पुढची पेरणी मी करतो म्हणाले. बाबा म्हणाले, "शेत तिचं आहे. तिला विचार." काका गेल्यावर मला म्हणाले, "तूच कळव तिला. तिच्यापुढे बोलायला गेलो तर पोराच्या आठवणीने रडू फुटेल मला." म्हणून हे पत्र. शेत तुझं झालं, वहिनी. सामान बांध आणि घरी ये.

तुझीच,
आगाऊ नणंद