कोल्ह्याचा वाटा

आबा, परवा गुरांच्या दवाखान्यात एक गोष्ट ऐकली आणि दिवसभर मनात तुमच्याशीच बोलत राहिलो. मी तिथं झाडलोट करतो, सुया उकळतो. डॉक्टर सांगत होते, परदेशात कोंबडीच्या मुंडक्यात लस ठेवून ती मुंडकी रानात टाकतात. खोकडानं, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यानं, चावली की लस तोंडातूनच लागू पडते. मग ते पिसाळत नाही, दुसऱ्याला पिसाळवत नाही. रोग रानातच थांबतो.

मला तापीच्या वाळूतली आपली टरबुजाची वाडी दिसली. कोल्हे एक फळ खायचे आणि दहा नासवायचे, म्हणून दिवस मावळताना तुम्ही एक टरबूज फोडून कुंपणाबाहेर ठेवायचात. शेजारचे हसायचे. तुम्ही म्हणायचात, "खाऊ द्या रे भो, त्यानाबी वाटा शे."

तो कोल्हा आला तेव्हा भर दुपार होती. लाळ गळत होती. तुम्हाला वाटलं, उन्हानं तहानलाय. तुम्ही फोड हातानं पुढे केलीत आणि तो हातालाच चावला. चुना-मिरची भरली, झाडपाला झाला, जखम भरली, तेव्हा आपण सगळे निर्धास्त झालो. मग तुम्ही घरात पडून आहात, घसा सुकलाय, टरबूज मागताय. मी फोड पुढे करतो, रस माझ्या मनगटावरून ओघळतो, आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून थरथरता. तुम्ही गेलात, त्यानंतर मी शाळेत गेलो नाही.

यंदा पलीकडच्या शिवारात पुन्हा पिसाळलेला कोल्हा दिसलाय, आणि वाडीवर आता माझ्या पाठचा असतो. मी विचारलं, "साहेब, कुत्र्याची लस टरबुजात टोचून ठेवली तर?"

"आणि कोल्ह्यांना बोलवायला दवंडी पिटशील का? अरे, सुईची लस पोटात गेली की वाया. तोंडातून द्यायची वेगळी असते, ती आपल्याकडे नाही."

"मागवता नाही येणार?"

"इथं चावलेल्या माणसाला सुया मिळेनात. कोल्ह्याच्या नावानं मी वर काय लिहू?" मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "भावाला सांग, चावलं तर आधी साबणानं धुवायचं, आणि तसंच जळगाव गाठायचं."

मी साबणाची वडी वाडीवरच्या खोपीच्या मेढीला बांधून आलो. धाकटा म्हणाला, "भाऊ, तो कोल्हा काय मनीच वाट देखी राहिना का?" दोन दिवसांनी वडी अर्धी झालेली. पठ्ठ्यानं आंघोळीला वापरली. मी नवी बांधली.

हे लिहिलेलं त्याला वाचून दाखवावं असं मनात होतं, पण तो हसेल, म्हणून घडी घालून ठेवतोय. तुमचा वाट्याचा रिवाज मी मोडलेला नाही. वाटा ठेवला तर कोल्ह्याला बोलावणं होतं, न ठेवला तर तो आत शिरेल, थेट खोपीपर्यंत. रोज संध्याकाळी सायकलनं जातो, टरबूज फोडतो. त्यात लस नाही, नुसतं गोड पाणी. तुम्ही कोल्हा येईपर्यंत तिथं बसून राहायचात. मला नाही जमत, आबा. मी फोड ठेवतसुद्धा नाही. कुंपणाच्या आतूनच फेकतो.