केतकीचा पासपोर्ट आणि तुझा शब्द

प्रिय सुलू,

गुरुवार, १४ मे १९९८, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तुझी लेक जेवणाच्या टेबलाशी बसून पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरत होती. तुझ्या नवऱ्याने तिच्या हातातला पासपोर्ट काढून घेतला, शर्टाच्या खिशात घातला आणि म्हणाला, "खलास. पुण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही." मी समोरच होते. हातात त्याच्याच घरचा चहा होता, म्हणून नुसती घड्याळात वेळ पाहिली!

तू जाऊन दोन वर्षं झाली, तुला एक ओळ लिहिली नाही. मेलेल्यांना पत्रं लिहिणाऱ्या बायकांना मी कायम हसत आले. पण एक गोष्ट अशी आहे की ती तुझ्याशिवाय कोणाला विचारताच येत नाही. त्या गोष्टीकडे येतेच.

आधी अविनाशची थाप ऐक. दुसऱ्या दिवशी फोनवर मला म्हणतो, "ताई, पासपोर्ट कंपनीत दिलाय, व्हिसाच्या स्टॅम्पिंगला." मी तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला, तारखा मला फसवत नाहीत. इथल्या, दोह्यातल्या त्याच्या कंपनीत सरकारी कागदांची ने-आण करणारा जो मंदूब आहे, त्यालाच फोन लावला. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, बच्ची का स्टॅम्पिंग तो जनवरी में खलास. फॅमिली का पासपोर्ट हम रखते ही नहीं."

मग आहे कुठे? आणि खोटं का बोलावं लागलं?

शुक्रवारी केतकी अल सद्दला माझ्या घरी आली. दारातच म्हणाली, "मावशी, आय वॉन्ट टु बी इमॅन्सिपेटेड." शाळेच्या कॉम्प्युटरवर तिने वाचलं होतं, अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांची मुलं कोर्टात जातात आणि आईबापांपासून कायद्याने मोकळी होतात. सुलू, हा शब्द मी वर्गात गुलामांच्या धड्याला शिकवत असे. आता तो तुझ्या मुलीच्या तोंडून ऐकला.

"मराठीत सांग," मी म्हटलं.

"मला बाबांपासून... रिलीज पाहिजे," ती म्हणाली. "आय स्टिल लव्ह हिम, मावशी. पण रिलीज."

मी पुण्याला नर्गिसला फोन केला. आठवते ना, कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावर बसायची, सिस्टरशी वाद घालायची? आता वकील आहे. तिने माझी हवाच काढली. आपल्याकडे असं काही नाही म्हणे. अठरापर्यंत बापच पालक. कोर्टाला दुसरा पालक नेमायला सांगता येतं, पण मुलगी राहते दोह्यात, तेव्हा पुण्याचं कोर्ट आधी तिथेच अडवेल. आणि खरी गंमत पुढे! कोर्टाने पालक नेमला, तर मुलगी अठराला नाही, एकविसाला सज्ञान होते. "म्हणजे कुमुद, सोडवायला जाशील आणि पोरीची तीन वर्षं वाढवून आणशील," नर्गिस म्हणाली. "वाढदिवस कधी आहे तिचा?"

सतरा जुलैला अठरा पूर्ण. आणि कॉलेजचे प्रवेश जूनमध्येच संपतात. अविनाशला हे ठाऊक नसेल? मला तर वाटतं, त्याने कॅलेंडर समोर धरूनच खिशात हात घातला.

मी त्याच्या घरी जाऊन तोंडावर विचारलं, "तुला मुलीची काळजी आहे, की पहाटेच्या रास लफानच्या प्लांटच्या बसआधी डबा कोण भरून देईल याची?"

तो चिडला नाही. तिथेच मला शंका आली. खाली बघून म्हणाला, "ताई, सुलूने शेवटच्या दिवशी माझ्याकडून शब्द घेतला. लग्न होईपर्यंत केतकीला नजरेआड करू नका म्हणाली. मी काय करू?"

आता सांग. खरंच म्हणालीस?

त्या दिवशी मी सकाळपासून तुझ्या उशाशी होते. फक्त दहा मिनिटं खाली गेले, केतकी शाळेच्या बसमधून उतरायची होती म्हणून. तेवढ्यात बोललीस? मी वर आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून होतीस आणि तो खिडकीशी उभा होता. मला वाटलं, रडतोय.

खरं सांगू? त्याच्याइतकाच मला तुझाही संशय येतो. तूच केतकीला शाळेच्या सहलीला पाठवली नव्हतीस. तूच चांगली नोकरी सोडून इथे आलीस आणि पहिल्याच दिवशी आपला पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात ठेवून किल्लीही त्यालाच दिलीस. मी बोलले, तर म्हणालीस, "ताई, हरवला तर? त्यांच्याकडे बरा." तुझ्या भीतीला तू नेहमी माया म्हणायचीस, सुलू. मी तेव्हाच भांडायला हवं होतं. भांडले नाही, कारण तू खूश दिसायचीस.

तर माझं ठरलं आहे. तू तसं म्हणाली नसशील, तर अविनाशला मी सोडणार नाही. म्हणाली असशील, तर ते केतकीपासून लपवणार नाही; तुझे शब्द तिला जसेच्या तसे सांगेन आणि मग तिला पुण्याच्या विमानात बसवेन. तुझ्यावर रागावून बसवेन, पण बसवेन.

या पत्राची प्रत मी अविनाशच्या हातात देणार आहे. अविनाश, आता तुला. सुलू काय म्हणाली, ते तिच्या शब्दांत लिही, खाली सही कर आणि सोबत पासपोर्ट आण. भारतीय पासपोर्ट भारत सरकारचा असतो, हे त्यातच छापलेलं आहे; तुझ्या खिशाचा उल्लेख कुठे नाही. गुरुवार, ४ जून, दुपारी चारच्या आत मला लेखी उत्तर हवं. इन्शाल्ला नको, तारीख घालून. नाही आलं, तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी केतकी आणि मी भारतीय वकिलातीच्या दारात तक्रार घेऊन उभ्या असू, आणि तुझ्या जागी काय बोलायचं ते मी बोलेन.

तुझी ताई,
कुमुद
अल सद्द, दोहा
२५ मे १९९८