भातात मीठ नव्हतं

वॉलॉंगॉंग,
रविवार, दुपार

प्रिय अहो,

रोज फोनवर बोलणाऱ्या बायकोनं पत्र लिहिलं म्हणून दचकू नका. सगळं ठीक आहे. फोनवर उर्वीचं नाव काढलं की तुमची रेंज जाते, नाहीतर नेमकं दारावर कुणीतरी येतं. पत्राचं तसं नसतं. विजेच्या बिलामागचा बारीक मजकूरसुद्धा तुम्ही चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचता, तेव्हा माझं पत्रही पूर्ण वाचालच.

इथे ऐन जूनमध्ये कडाक्याची थंडी आहे. तुमचा जुना तपकिरी स्वेटर मी न विचारता आणला होता, तोच घालून बसले आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव. तुमची लेक मजेत आहे. सिडनीच्या कंपनीत होती तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिचे डोळे कसे खोल गेलेले दिसायचे, आठवतं? आता हडकुळी झाली आहे, पण सकाळी उठल्यापासून गुणगुणत असते. मला तेवढं पुरे आहे. तुम्हाला पुरे नाही, हेही मला ठाऊक आहे.

तिनं इंजिनिअरची नोकरी सोडल्याचं सांगितलं, त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, "एका मेक्सिकन बाईनं जपानी भात वळायचा, आमच्या मुलीनं त्याचं शूटिंग करायचं, आणि हे बघायचं कुणी?" मग फोन माझ्या हातात दिलात, तो आजतागायत तिच्याशी बोलण्यासाठी परत घेतलेला नाही. खरं सांगू? त्या वेळी मलाही हसू आलं होतं. पण आता मी ती मेक्सिकन बाई पाहिली आहे.

तिचं नाव रोसालिया. इथल्या युनिव्हर्सिटीजवळच्या एका सुशीच्या दुकानात काम करते. शिकत असताना उर्वी तिथे दुपारची जेवायला जायची, तिथेच दोघींची गट्टी जमली. कित्येक वर्षं रोसालिया मागच्या खोलीत भांडी घासत होती, मासे साफ करत होती, बघून बघून सगळं शिकली होती. पण पुढच्या काउंटरवर उभं राहायचं म्हटलं की मालक हसायचा. गिऱ्हाइकाला तिथे जपानी चेहरा लागतो म्हणे. घरी तिचे वडील म्हणायचे, आपले मक्याचे पदार्थ काय कमी आहेत? शेवटी ती काउंटरवर उभी राहिलीच. हीच उर्वीच्या सिनेमाची गोष्ट, आणि त्यात रोसालिया स्वतःच काम करते. ती भाताचा मुटका दोन बोटांनी असा अलगद दाबते की मोदकाच्या पाऱ्या करणाऱ्या तुमच्या आईंनीसुद्धा मान डोलावली असती. कच्चा मासा मीही खाल्ला. नाक मुरडू नका, पापलेटावर तुटून पडणाऱ्या माणसाला ते शोभत नाही.

सिनेमा म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक कॅमेरा, चार मित्र आणि एका मैत्रिणीचं उसनं स्वयंपाकघर. येणारा प्रत्येक जण कशाला ना कशाला जुंपला जायचा. मला भाताचं खातं मिळालं. रोसालियानं शिकवलं: भात लाकडी परातीत काढायचा, साखर-मीठ विरघळवलेला व्हिनेगर वरून शिंपडायचा, कालथा तिरका धरून हलक्या हातानं मिसळायचा आणि कुणीतरी वारा घालायचा. वाऱ्याला मी सुपरमार्केटचं कॅटलॉग घेतलं. तुम्ही असतात तर वाऱ्याबरोबर उपदेशही फुकट मिळाला असता.

आणि मग शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी मी घोळ घातला.

प्रसंग असा: रोसालिया वडिलांसमोर पहिल्यांदा आपल्या हातची सुशी ठेवते, ते खातात, त्यांचे डोळे भरून येतात आणि ते तिला जवळ घेतात. वडिलांचं काम करायला राऊल म्हणून एक गृहस्थ होते. तेही मेक्सिकोचे, पोर्ट केम्बलाच्या पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भात मी केला होता. आता आपल्याकडे नैवेद्य दाखवायच्या आधी चव बघायची नाही, हे इतकं अंगात मुरलं आहे की मासे करायच्या दिवशीही माझा हात चव घ्यायला वळत नाही. चवीचं काम तुमचं. पहिलं ताट तुम्हाला वाढायचं, तुम्ही घास घ्यायचा आणि आम्ही सगळ्यांनी निकालाची वाट बघायची. इथेही मी वासावर भरवसा ठेवला. व्हिनेगरात साखर घातली आणि मीठ साफ विसरले.

राऊलनी घास तोंडात टाकला. कॅमेरा चालू. त्यांच्या भुवया वर गेल्या, ओठ एका बाजूला सरकले. अहो, शप्पथ सांगते, हुबेहूब तुम्ही! मग ते रोसालियाकडे बघून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, जे उर्वीनं लिहिलेलंच नव्हतं. अर्थ मला नंतर कळला: "पोरी, मीठ विसरलीस." एवढं बोलून ते खाली मान घालून खात राहिले. ताट पुसून घेतलं आणि आणखी मागितलं. रोसालियाला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं.

उर्वीनं कॅमेरा थांबवलाच नाही. नंतर ती मटकन जमिनीवर बसली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. मी माफी मागायला गेले, तर माझ्या गळ्यात पडून म्हणाली, आई, हे असंच होतं ना गं? मला लगेच उमगलं. ती चौथीत असताना मी तापानं पडले होते आणि तिनं स्टुलावर उभं राहून साबुदाण्याची खिचडी केली होती. तुम्ही पहिला घास घेतलात, "मीठ विसरलीस" म्हणालात आणि पातेलं रिकामं केलंत. माझ्यासाठीसुद्धा ठेवली नाहीत. त्या दिवशी ती घरभर नाचत होती. तोंडावर कौतुक करणारा बाप तिला मिळाला नाही, पण पातेलं रिकामं करणारा मिळाला, हे ती विसरलेली नाही. तिनं लिहिलेला, डोळे भरून येणारा बाप सिनेमातून गेला. आता शेवटी तुम्हीच आहात. मला इतका आनंद झाला आहे की त्या भातासाठी मी स्वतःलाच शाबासकी दिली.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सिनेमा पुरा झाला आहे. गावातलं छोटं थिएटर ठरलं आहे, रोसालियानं नवा ड्रेस घेतला आहे, राऊल रोज फोन करून विचारतात. पण उर्वी कुणालाच सिनेमा दाखवत नाही. मलाही नाही! काल मी चिडले, तर एवढंच म्हणाली, "नो, आई. पहिलं ताट बाबांचं. मग बाकीचे." व्हिसा तुमचाही माझ्याबरोबरच आला आहे. गुडघ्याचं कारण सांगून तुम्ही मागे राहिलात, आणि त्याच गुडघ्यानं रोज तलावपाळीला फेऱ्या मारता, हे शेजारच्या नुपूरनं मला कळवलं आहे. तेव्हा या. हे बघायचं कुणी, असं तुम्ही विचारलं होतंत ना? आधी तुम्ही बघायचं. लेकीशेजारी बसून बघा आणि मीठ कमी वाटलं तर तिला तसं सांगा. ती त्याचीच वाट बघते आहे.

तुमचीच,
आणि तुमच्या स्वेटरचीही,
चित्रलेखा