झाडावरचे नारिंगी ठिपके

८ सप्टें., सोम.
ऋतुजाचं झाड आज सरांच्या खोलीत भिंतीवर लागलं. मोठ्या कागदावर, रंगीत. आपल्या दवाखान्यांतून आलेल्या डेंग्यूच्या विषाणूंचा वंशवृक्ष: कोण कोणापासून फुटलं, कधी फुटलं. फांदीच्या टोकाला एकेक रुग्ण. सुरतचा पत्ता असेल तर निळा ठिपका, खानदेशचा असेल तर नारिंगी. नारिंगी ठिपके बुंध्याजवळ जास्त. म्हणून निष्कर्ष: विषाणू दर वर्षी खानदेशातून येतो आणि सुरतेत पसरतो.
देसाई सर दोनदा म्हणाले, "जोरदार, ऋतुजाबेन!"
त्या प्रत्येक टोकाचं रक्त मी आणलं. आरएनए मी काढला. दोन उन्हाळे. झाड काढायला तिला तीन महिने लागले, तेही मी त्या आरएनएतून वाचलेल्या अक्षरांवरून. लेखावर पहिलं नाव तिचं. माझं तिसरं. दुसरं कुणाचं, अजून ठरलेलं नाही, आणि हे मी विचारलेलंही नाही.
२९ तारखेला पालिकेच्या माणसांपुढे सादरीकरण.

११ सप्टें., गुरु.
ऋ. ची नोंद. (पूर्ण नाव लिहायला हात होत नाही.)
पुण्याची. माझ्याहून एक वर्षानं लहान. इथे आली जानेवारीत, आणि मार्चपर्यंत गुजराती बोलायला लागली. चुकीचं बोलते, पण लोक हसून दुरुस्त करतात. मी इथेच जन्मले, बरोबर बोलते, मला कुणी दुरुस्त करत नाही आणि गप्पाही मारत नाही.
दवाखान्यातल्या शिपायाच्या मुलीचं नाव तिला माहीत आहे.
मला 'वैशू' म्हणते. परवानगी कधी मागितली आठवत नाही.
आज डब्यातली कळण्याची भाकरी अर्धी उचलली. "वैशू, तुझ्या आईला सांग, मी दत्तक यायला तयार आहे." सगळे हसले. भाकरी चांगली होती हे मलाही माहीत होतं, पण दोन वर्षांत डबा पुढे करायचं मला सुचलं नव्हतं.

१४ सप्टें., रवि.
गोडादरा, सुरतेतली खानदेशी वस्ती. घरी. बाबांची पाळी दुपारची होती, सकाळी होते.
लॅबमध्ये काय चाललंय म्हणून विचारलं, तर झाडाचं सांगितलं. खानदेशातून येतो म्हणाले आमचे सर. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.
"हां. डास आम्हीच थैलीमा भरी लयनूत. शिरपूर-सुरत, फुल तिकीट."
आई चुलीपाशी हसत सुटली. मग तीच म्हणाली, "हसू नका. उद्या घरमालक हाईच बोली."
मी म्हटलं, तसं नाही, विज्ञान आहे. बाबा म्हणाले, "मी कोठे नाही म्हनस? तू शिकेल शेस. तूच सांग."
सांगता आलं नाही. झाड माझं नव्हतं म्हणून, असं तेव्हा वाटलं.

१६ सप्टें., मंगळ.
हे नीट लिहायला हवं.
झाडाची दोन टोकं, एक निळं, एक नारिंगी, अगदी शेजारी. दोन्हींचा क्रम एकमेकांशेजारी ठेवून पाहिला. साडेदहा हजार अक्षरं. एकही फरक नाही. हा विषाणू महिन्याभरात एखाद-दुसरं अक्षर तरी बदलतो. एक जण शिरपूरहून ताप घेऊन आला आणि दुसरा गोडादऱ्यात घरी बसून आजारी पडला असेल, तर दोघांत काहीतरी फरक दिसायला हवा. नमुने एकाच दवाखान्यातले, दोन दिवसांच्या अंतरानं.
कागदी अर्जांचा खोका काढला. नारिंगी रुग्णाच्या अर्जावर पेनानं लिहिलंय: टाकीमागची गल्ली, गोडादरा. मागे जोडलेल्या आधारच्या प्रतीवर: ता. शिरपूर.
मग बाकीचे नारिंगी अर्ज काढले. एकूणएक तसेच. राहतात इथे, आधार गावचं.
म्हणजे खानदेशातून कुणी काही आणलेलंच नाही. नारिंगी ठिपका म्हणजे माणूस कुठल्या गावचा, एवढंच. ऋ. ला हे कळणं शक्य नव्हतं. पुण्याच्या माणसाचं आधार पुण्याचं असतं.
जीव गार झाला. जानेवारीपासून पहिल्यांदा.
कुणाला सांगितलं नाही.

१७ सप्टें., बुध.
खात्री म्हणून बाबांना विचारलं, आपलं आधार अजून गावचंच का?
"मंग? आठे भाडानी खोली. घरमालक कागद लिखी दी का? रेशन तठे, मत तठे. गावनं नाव काढं त आपन कोठना?"
माझंही आधार गावचंच आहे. त्या गावात मी सलग पंधरा दिवसही राहिलेले नाही. मला ताप आला असता तर त्या झाडावर मीही नारिंगी असते.
ठरवलं: २९ ला, सादरीकरण संपल्यावर, हात वर करायचा. प्रश्न एकच. "हे रुग्ण राहतात कुठे?" आवाज चढवायचा नाही.

१९ सप्टें., शुक्र.
प्रश्न तीन प्रकारे लिहून पाहिला. सर्वांत लहान सर्वांत चांगला.
ऋ. आज निळी ओढणी घेऊन आली होती, झाडातल्या निळ्यासारखीच. मुद्दाम घेतली का विचारलं नाही. मुद्दाम घेतली असणार.

२२ सप्टें., सोम.
आजपासून नवरात्र. पाचला लॅब रिकामी. सगळे गरब्याच्या तयारीला.
ऋ. थांबली होती. "वैशू, एकदा माझ्या स्लाइड बघशील? तुझ्याशिवाय इथे कुणाला कळणार?"
पाहिल्या. शेवटच्या स्लाइडवर शिफारसी. एक: दिवाळीनंतर गावाहून परतणाऱ्यांची बस स्टँडवर ताप-तपासणी. दोन: गोडादऱ्यातली घरोघरची टाक्या-ड्रमांची तपासणी कमी करून ती माणसं तिकडे लावावीत.
आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं. प्रत्येक दारात ड्रम. झाकण असलेला एखादाच.
"कसं वाटलं?"
म्हटलं, "छान आहे."
ती म्हणाली, "तू म्हणालीस म्हणजे झालं." आणि ओढणी कमरेला बांधून गेली.
मी थांबून दुसरी शिफारस पुन्हा वाचली. २९ ला मी प्रश्न विचारीनच, मग ही शिफारस पडेल. तोवर सात दिवस. सात दिवसांत कुणाचं काय बिघडतं.
हे वाक्य लिहून झाल्यावर मला आवडलेलं नाही. खोडत नाही.

२४ सप्टें., बुध.
प्रश्नासोबत पुरावा हवा म्हणून मूळ तक्ता उघडला. ठिकाणाचा रकाना कुठून आला ते दाखवायचं होतं. ऋ. नं आधारचा पिनकोड का घेतला, पेनानं लिहिलेला पत्ता का नाही, ते.
रकान्याच्या डोक्यावर टीप आहे.
'हस्ताक्षरातले पत्ते अस्पष्ट, नकाशावर सापडत नाहीत. अचूकतेसाठी आधारचा पिन वापरला. वै. पा.'
वै. पा. म्हणजे मी.
दोन वर्षांपूर्वीची तारीख. आठवलं. पहिल्याच महिन्यात तीन दिवस बसून केलं होतं. 'टाकीमागची गल्ली', 'मंदिरासमोर', 'खाडीच्या कडेला' असले पत्ते बघून चिडले होते. सहा आकडी पिन स्वच्छ वाटला होता. ती टाकी आमच्या घरापासून चालत चार मिनिटांवर. डोळे मिटून जाता येतं.
ऋ. नं काहीच चुकवलेलं नाही. तिनं माझ्या रकान्यावर विश्वास ठेवला, बस.
घरी आले. आईनं विचारलं, "काय व माय, जीव बरा नही का?" म्हटलं, ऊन लागलं.

२५ सप्टें., गुरु.
पर्याय.
गप्प बसणं. शिफारस पालिकेकडे जाईल. चूक निघाली तर माझी टीप निघेल.
२९ ला हात वर करणं. ऋ. सगळ्यांसमोर तक्ता उघडेल. टीप निघेल.
आज सांगणं. झाड दुरुस्त होईल, आणि दुरुस्त झालेलं झाड आधीच्यापेक्षा चांगलं असेल, हे मला आत्ताच दिसतंय. त्यावरही पहिलं नाव तिचंच.
तिसऱ्यावर सर्वांत जास्त वेळ अडले. हे लिहून ठेवते.

२६ सप्टें., शुक्र.
सांगितलं. सकाळी, ती डबा फ्रीजमध्ये ठेवत होती तेव्हा.
"ऋतुजा, ठिकाणाच्या रकान्यात आधारचे पत्ते आहेत. ही माणसं गोडादऱ्यात राहतात."
ती तशीच उभी राहिली, फ्रीजचं दार उघडं. मग अर्ज दाखवले. तीन-चार पाहिले आणि खालीच बसली, फरशीवर.
"अगं, मी सोमवारी हे तोंड वर करून सांगणार होते." मग हसायलाच लागली. मग डोळे पुसले. "वैशू, तू वाचवलंस मला."
नंतर, "पण हा रकाना केला कुणी?"
म्हटलं, "जुना आहे."
शब्दशः खरं.
दिवसभर दोघींनी मिळून नव्या तक्त्यात पत्ते भरले. तिनं हस्ताक्षर वाचायचं, मी जागा सांगायची. 'भैरूच्या दुकानाआधी डावीकडे.' 'जुन्या कारखान्याची भिंत.' ती म्हणाली, "तुझ्या डोक्यात नकाशा आहे गं!" मी पुढचा अर्ज तिच्यापुढे सरकवला.
चारला नवं झाड आलं. सगळ्या फांद्या एकाच बुंध्यातून, आणि तो बुंधा गोडादऱ्याचा. विषाणू उन्हाळाभर तिथेच होता, ड्रम ते ड्रम. बाहेरून कुणी आणलेला नव्हता. पूर्वी विसंगत वाटणाऱ्या तारखा आपोआप जुळल्या. इतकं नीट झाड मी पाहिलेलं नाही.
रंग तिनं दिले. दहा मिनिटांत. माझा हात की-बोर्डकडे गेला होता, पण खुर्ची तिची होती.
साडेपाचला निघाले. ती थांबली, स्लाइड बदलायच्या म्हणून.

२९ सप्टें., सोम.
सादरीकरण झालं. तपासणी कमी करायची शिफारस वगळली. उलट आमच्या बाजूच्या गल्ल्यांत ती वाढवायचं ठरलं. पालिकेच्या बाईंनी ड्रमांच्या झाकणांविषयी बरेच प्रश्न विचारले.
बोलायला उठताच ऋ. चं पहिलं वाक्य: "आधीच्या झाडात मोठी चूक होती. ती वैशालीनं पकडली. ती नसती तर मी आज तुम्हाला चुकीचं सांगितलं असतं."
सगळ्यांनी वळून पाहिलं. टाळ्या. सर म्हणाले, "वैशालीबेन, पहिलं नाव दोघींचं. सरखं सरखं."
जे हवं होतं ते सगळं, एका मिनिटात.
मी ऋ. च्या चेहऱ्यावर शोधत होते. थोडा तरी त्रास. ओठ जरा घट्ट, एवढंही चाललं असतं. ती सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होती.
बाहेर आल्यावर म्हणाली, "आता लोचो. तू देणार." मी गाडीवर दिला, वाफवलेल्या चणाडाळीचा, गरम. तिनं आणखी तिखट मागितलं आणि नाक पुसत पुसत खाल्ला. तेव्हाही हेवाच वाटला. याला आता कारण काय, ते सापडत नाही.
बाबांना फोनवर सांगितलं, विषाणू गावचा नाही. "आमले माहीतच व्हतं," म्हणाले. "पन तू सांगं, ते बरं जयं."

३० सप्टें., मंगळ.
सरांनी लेखात एक परिच्छेद मागितलाय: रकान्यात चूक कशी झाली, म्हणजे बाकीच्या लॅब ती करणार नाहीत. ऋ. म्हणाली, "तूच लिही, तुलाच नीट माहीत." साधं बोलली. नेहमीच्याच आवाजात.
टिपेतले शब्द हवे होते म्हणून मूळ तक्ता उघडला. टीप नाही.
बदलांची यादी काढली. टीप काढली: २६ सप्टेंबर, सायंकाळी सहा दहा. ऋतुजा.
म्हणजे सोमवारी ती उठून माझं नाव घेत होती तेव्हा तिला माहीत होतं. टाळ्या वाजवताना माहीत होतं. लोचो खाताना.
मला सांभाळायला काढली? की माझ्याकडून ऐकायचं आहे म्हणून वाट बघतेय? दोन्हींचे पुरावे सारखेच. आणखी नमुने नाहीत.
ती माझ्या जागी असती, तर मी ती टीप काढली नसती. एवढं मात्र नक्की सांगता येतं.
जुनी प्रत परत आणायला एक बटण आहे. दाबलं तर टीप माझ्या आद्याक्षरांसकट परत येते. तिला दिसेल, सरांनाही. नाही दाबलं तर दोघींनाच माहीत, आणि पहिलं नाव सारखं सारखं.
दुपारी ती दारातून डोकावली. "झाला का गं परिच्छेद?"
स्क्रीन तिच्याकडे वळलेला नव्हता; त्यावर अजून बदलांची यादीच उघडी होती.
"दोन ओळी झाल्यात," म्हटलं.
"मग वाच ना."