चारशे अठरा नंबरचं इंजिन

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस, तेव्हा आठी घालायचा हक्क दोघांनाही आहे. आणि आधीच सांगून ठेवते, राग गेला म्हणून मी लिहीत नाहीये. कालपासून मला एका जागी बसवत नाही म्हणून लिहितेय. सकाळी दोनदा दूध उतू गेलं. दवाखान्यात आले तर एका आजोबांना त्यांची गोळी दिली आणि दहा मिनिटांनी हाक मारून तीच गोळी परत द्यायला निघाले. चौतीस वर्षं या औषधांच्या खिडकीत बसतेय, असं कधी झालं नव्हतं. आता जेवणाची सुट्टी आहे. शटर खाली ओढलंय आणि खोक्यांच्या मागे स्टुलावर बसून हे लिहितेय. बाहेरून कुणीतरी टकटक करतंय. करू दे.

वाटणीचा दिवस आठवतो का तुला? घर विकताना आपण एका शब्दानं भांडलो नाही. आईची भांडी तर तू मोजलीसुद्धा नाहीस. पण बाबांच्या छोट्या रेल्वेवर आलो आणि दोघांच्याही अंगात आलं. मी म्हटलं, टेबल माझं, कारण बाबांची शेवटची वर्षं माझ्या घरात गेली. तू म्हणालास, इंजिनं माझी, कारण ती दुरुस्त मी करायचो, तुला स्क्रू ड्रायव्हर कुठल्या टोकाला धरतात हे तरी ठाऊक आहे का. झालं! रूळ, स्टेशनं, बोगदा आणि कंट्रोलचा बॉक्स माझ्याकडे, आणि चारही इंजिनं तुझ्याकडे. इतके मूर्ख बहीणभाऊ जगात दुसरे नसतील रे. सात वर्षं मी रिकाम्या रुळांवरची धूळ पुसतेय, आणि तू इंजिनं कपाटात ठेवून त्यांची तोंडं बघत असशील.

दोन महिन्यांनी मी रिटायर होतेय. नुसतं घरात बसायचं या कल्पनेनंच मला धडकी भरली, म्हणून मागच्या खोलीतल्या टेबलावरची चादर काढली. तुला बोलवायचा विचार होता का? होता. पण आधी तुझ्यावाचून गाडी चालवून दाखवायची आणि मगच बोलवायचं, असं ठरवलं होतं. म्हणजे तू दारात उभा आणि आत गाडी धावतेय! तुझं पडलेलं तोंड मी मनात कितीदा बघून घेतलं असेल. त्या नादात बॉक्सला तुझ्या भावोजींच्या लॅपटॉपचा चार्जर लावला. पिन बसली म्हणून लावला. फस्स झालं, जळका वास सुटला आणि बाबांचा बॉक्स गेला तो गेलाच. भावोजी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, गाडी वेळेवर सुटलेली दिसते. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

बॉक्स फेकला, पण त्याच्यावरचं तुझं बटण तेवढं काढून ठेवलं. आठवतं ना, बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा जुने बारीक खटके त्यांच्या चिमटीत येईनात. तू तो डिजिटल बॉक्स घेऊन आलास आणि मी घर डोक्यावर घेतलं, म्हाताऱ्या माणसाला हे नखरे कशाला म्हणून. मग तू कवळ्या बनवतोस त्याच गुलाबी मसाल्याचं एक भलंमोठं बटण घडवून बॉक्सवर बसवलंस. हिरडीच्या रंगाचं! मला बघवत नव्हतं. पण बाबा त्याच्यावर नुसता तळवा टेकवून गाडी हळू करत, जोरात करत, बोगद्यात थांबवून आमची गंमत करत. बोटं लागायचीच नाहीत. तेव्हा मी तुला शाबास म्हटलं नाही, ते आता म्हणते.

तर बॉक्स शोधायला निघाले आणि कळलं की माल कुठेच नाही. दूरच्या कुठल्याशा देशातले चिपचे कारखाने बंद, जहाजं अडकलेली, आणि जे सुटतं ते मोटारवाले आणि मोबाइलवाले आधीच उचलतात. खेळण्यातल्या आगगाडीला कोण विचारतो? एका दुकानदारानं चौदा महिन्यांनी फोन करायला सांगितलं. दुसरा तर माझ्याकडे बघून नातवासाठी लाकडी गाडी घ्या म्हणाला, त्याला मी चांगलाच झाडला. एकानं फोटो बॉक्सचा दाखवला आणि घरी पाठवला गॅरेजच्या दाराचा रिमोट. आणि गंमत बघ, इकडे माझ्या खिडकीवरही तोच तुटवडा. दिवसभर मी लोकांना सांगायची, नाही, आलं नाही, पुढच्या आठवड्यात बघा. संध्याकाळी दुकानादुकानांतून तेच वाक्य माझ्या तोंडावर यायचं. लोक खिडकीवर का चिडतात ते मला रिटायर व्हायला आल्यावर कळलं.

शेवटी बाजारामागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारा सापडला. एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावतो, म्हणून त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. तुटवडा सुरू झाल्यापासून त्यानं दुकानाची एक भिंत चिठ्ठ्यांना दिलीय. ज्याला जे हवं ते लिहून चिकटवायचं. मीही लिहिलं, बॉक्स हवा आणि इंजिनात बसणारी चिप हवी, जुनं चालेल पण चालणारं पाहिजे, आणि खाली औषधांच्या खिडकीचा नंबर घातला. बॉक्स आठवड्याच्या आत मिळाला, एका म्हाताऱ्या मास्तरांनी आपला पसारा आवरला होता. चिप मिळेना. तुला सांगायला नको, पण नखाएवढ्या त्या तुकड्यावाचून डिजिटल रुळावर इंजिन म्हणजे नुसता डबा. माझ्याकडे होतं जुन्या बाजारातलं एक पोट रिकामं असलेलं इंजिन. मग चिठ्ठी लावल्याच्या नवव्या दिवशी फोन आला, चिप आलीय. मी कामाचा पांढरा कोट न काढताच धावत सुटले. चष्मेवाल्यानं तिथल्या तिथे ती इंजिनात बसवली आणि उरलेले दोन स्क्रू चिप ज्या कागदी पाकिटातून आली त्यातच घालून माझ्या हातात दिले. काम करताना तो माणूस बोलत नाही, मीही काही विचारलं नाही.

घरी आले, तुझं गुलाबी बटण नव्या बॉक्सवर घट्ट बसवलं. बॉक्स प्रत्येक इंजिनाला त्याच्या चिपच्या नंबरानं हाक मारतो, नव्या चिपचा नंबर तीन असतो आणि वापरलेली चिप जुन्या मालकानं दिलेला नंबर विसरत नाही, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. म्हणून इंजिन रुळाच्या सुट्या तुकड्यावर ठेवलं आणि बॉक्सला विचारलं, बाई गं, हिचा नंबर काय? बॉक्सवर आकडे उमटले, ४१८. मी पुसून पुन्हा विचारलं. ४१८.

बाबा जन्मभर डेपोत टाइमकीपर. माणसंसुद्धा त्यांना वेळेवरून लक्षात राहायची. काळं मालगाडीचं इंजिन ४१८, कारण तू दुपारी चार अठराला जन्मलास. हिरवं ६५२ माझं, सकाळी सहा बावन्न. आईचं ११०५. आणि स्वतःची जन्मवेळ त्यांना कुणी सांगितलीच नव्हती, म्हणून त्यांनी सोडलेली पहिली बस ज्या वेळेला निघाली ती, ९३३. तुझ्या इंजिनाचा जीव माझ्या टेबलावर माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या डोक्यात एकच आलं. विकलास! बाबांचं इंजिन फोडून विकलास! काय काय बोलले मी तुला त्या खोलीत, बरं झालं तू ऐकलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी तणतणत चष्मेवाल्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, बाहेरगावचा एक जण तीन इंजिनं दुरुस्तीला घेऊन आला होता. भिंतीवरच्या चिठ्ठ्या बराच वेळ वाचत राहिला. मग तुमच्या चिठ्ठीकडे बोट करून म्हणाला, यांतल्या चिपा काढा आणि या बाईंना द्या, एकदम नको, लागेल तशी एकेक. पैसे नको म्हणाला. इंजिनं परत घेऊन गेला. मी विचारलं, स्वतः का नाही काढल्या त्यानं, त्याला तर डोळे मिटून येतं. चष्मेवाला म्हणाला, ते काही ठाऊक नाही, पहिली चिप घालायला खिशातलं एक पाकीट काढून दिलं तेवढंच, बाकी पूर्ण वेळ खिशात हात घालून उभा होता. मग तर माझं डोकंच फिरलं. खिशात हात घालून! साहेब ऐटीत उभे राहून बहिणीवर उपकार करतायत, आणि तेही लपून! बाकीच्या दोन चिपा मी जवळजवळ हिसकावूनच आणल्या. ११०५ आणि ९३३ निघाल्या. माझी ६५२ त्यात नव्हती. म्हटलं, बघा, माझी तेवढी द्यायला जिवावर आलं याच्या. चार दिवस मी त्याच रागात काढले आणि एकदाही गाडी चालवली नाही.

काल राहवलं नाही, गाडी चालवायला घेतली, तर एक डबा रुळावरून सारखा घसरत होता. त्याला स्क्रू हवा होता, म्हणून ते कागदी पाकीट ड्रॉवरमधून काढलं. दुमडून उलटं केलेलं होतं. मी ते सुलटं केलं. कुठल्याशा दवाखान्याचं गोळ्यांचं पाकीट, वर गोळीचं नाव आणि खाली, अर्धी गोळी, दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास. बारक्या, अकरा वर्षं हीच गोळी, हाच मजकूर मी याच खिडकीत बसून बाबांसाठी लिहिलाय. दिवसाला दोनशे पाकिटं वाचणारी बाई मी, आणि तुझं एक मला वाचता आलं नाही. त्या दुकानात दुसरा कागद नव्हता असं मला सांगू नकोस, तू तितका वेंधळा कधीच नव्हतास. हे कुणाच्या हातात पडणार आणि ती काय वाचणार, हे तुला पक्कं माहीत होतं. सात वर्षांत तू मला पाठवलेलं ते एकच पत्र, आणि मी त्यात स्क्रू ठेवले रे. ऐटीत नव्हतास तू उभा, हात लपवत होतास. कधीपासून आहे हे? कवळ्यांचं काम कसं करतोस? सुटलं का? एकटा राहतोस, शर्टाची बटणं कोण लावतं? मला भीती वाटतेय, आणि ती लपवायचं माझं वय राहिलं नाही. फोन केला असता, पण मी रडले असते आणि तू ठेवून दिला असतास. तेव्हा आता ऐक. हे गुरुवारपर्यंत पोचेल. रविवारी सकाळच्या गाडीनं मी तुला न्यायला येतेय. चारही इंजिनं बांधून ठेव, आणि माझी ६५२ तू का ठेवून घेतलीस ते मला कळलंय, त्यावर बोलायचं नाही. इंजिनं रुळावर मी ठेवीन, शिकलेय आता. चालवायचं तू. त्या बटणाला बोटं लागत नाहीत, तळवा पुरतो, तूच तसं बनवलंयस. फक्त एवढंच मला आधी कळव, म्हणजे बॉक्स टेबलाच्या त्या बाजूला लावून ठेवते. कुठला हात बरा आहे, डावा की उजवा?

तुझीच,
सहा बावन्नची ताई